हिंदी गाई

"काहीही विचारलं तरी 'नगा' म्हणायचं," गोदाना म्हणाला. "घर कसं आहे, नगा. पाऊसपाणी कसं आहे, नगा. गुरं, माणसं, वाट, सगळं नगा."

"आणि बाबा कसे आहेत विचारलं तर?"

"तरीही नगा."

"अहो, ते गेले हेच सांगायला तर मी आलेय."

"ते नंतर. बसल्यावर, दूध प्यायल्यावर. मरणाची बातमी आमच्यात उभ्याउभ्या देत नाहीत. नगा म्हणजे शांती. आधी ती द्यायची, घ्यायची. मग जगात काय चाललंय ते."

जीपच्या काचेतून बाहेर सगळं लाल दिसत होतं. रस्ता लाल, माणसाहून उंच वारुळं लाल, पान नसलेल्या बाभळींवर बसलेली धूळही लाल. दक्षिण इथिओपियातला हा बोराना लोकांचा मुलूख, पुढे केनियाच्या हद्दीपर्यंत असाच पसरलेला. इथे शेती नावापुरती. जे काही आहे ते गाय. गाय म्हणजे जेवण, गाय म्हणजे सोयरीक, गाय म्हणजे माणसाची पत. हे मी येण्याआधी पुस्तकांतून वाचलं होतं. रस्त्याच्या कडेला जागोजागी पडलेले सांगाडे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हते. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. चामडं सुकून फासळ्यांना चिकटलेलं, आणि प्रत्येकीचं तोंड एकाच दिशेला. विहिरीच्या.

माझे बाबा गुरांचे डॉक्टर होते, उदगीरकडचे. तरुणपणी बुळकांडीच्या लसीकरणासाठी ते या मुलखात काही वर्षं येऊन राहिले होते. मी तेव्हा पाळण्यात होते. मग इथलं राज्य उलटलं, परदेशी माणसांना परत पाठवलं, आणि बाबांच्या बोलण्यात हा मुलूख क्वचितच आला. शेवटच्या आजारपणात मात्र ते रोज सकाळी विचारायचे, "तिकडे पाऊस झाला का?" आम्हाला वाटायचं, गावाकडचं विचारताहेत. आम्ही हो म्हणायचो.

ते गेल्यावर काही महिन्यांनी गोदानाचा फोन आला. त्याला बाबा हवे होते. बाबा नाहीत म्हटल्यावर ते कधी गेले एवढं त्याने विचारलं. मग म्हणाला, "माझ्या वडिलांना मी हे सांगणार नाही. तुम्ही येऊन सांगा. आणि गाईंचं काय करायचं तेही तुम्हीच सांगा."

"कसल्या गाई?"

"आमच्याकडे आहेत त्या. हिंदी गाई. हिंदुस्थानी माणसाच्या, म्हणून."

बाबांना तिथल्या कुणीतरी एकदा कालवड दिली होती, एवढं आईकडून कधीतरी कानावर आलं होतं. मला ती गंमत वाटली होती. ती कालवड व्याली, तिच्या कालवडी व्याल्या, आणि इतक्या वर्षांनी त्या वंशाचा एक छोटा कळप गोदानाच्या वडिलांच्या, जतानीच्या, कळपाशेजारी चरत होता. मधला मोठा दुष्काळ, दोन लढाया, सगळ्यांतून वाचून.

"त्यांचा त्रास होतोय का तुम्हाला?" मी फोनवर विचारलं होतं.

"गाईंचा कसला त्रास? त्रास विहिरीचा." मग त्याने सांगितलं ते असं. इथल्या विहिरी खोल. पाणी दोराने निघत नाही, माणसांच्या साखळीने निघतं. एकाखाली एक माणसं उभी राहतात आणि बादल्या हातोहात वर येतात. तळाची माणसं विहिरीची, वरच्या पायऱ्यांवरची ज्याची गुरं त्याच्या घरची. ज्याचं माणूस नाही त्याच्या गुरांना पाणी नाही. हिंदी गाईंना माणूस नव्हतं. म्हणून जतानी स्वतः उतरत होता, सत्तरी उलटलेला म्हातारा. आपल्या गुरांसाठी त्याचे भाचे होते, पण या गाईंसाठी तो भाच्यांना उतरू देत नसे. शब्द मी दिलाय, भाच्यांनी नाही, म्हणायचा. गेल्या पाळीला त्याचा पाय घसरला होता. बरगडी मोडली असावी, कारण तेव्हापासून तो खोकताना छाती धरत होता.

"विकू म्हटलं तर म्हणतो, मालकाला विचारल्याशिवाय कशा विकू? आता तुम्ही या, आणि विका म्हणा. नाहीतर एक दिवस आबा त्या विहिरीतच राहणार."

म्हणून मी निघाले होते. एक बातमी द्यायला आणि एक शब्द बोलायला.

---

काटेरी कुंपणाआड गवताने शाकारलेल्या घुमटासारख्या झोपड्या होत्या. जतानी दारात उभा होता. उंच, वाळलेला, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात काठी. त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. विचारत राहिला. गोदाना माझ्या कानाशी भाषांतर करत होता.

"वाट नगा?"

"नगा."

"घर नगा? आई नगा?"

"नगा."

"दोक्तर नगा?"

म्हाताऱ्याची बोटं माझ्या मनगटावर थांबली होती.

"नगा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि मला आत नेलं. त्याच्या बायकोने, दाकीने, धुरी दिलेल्या भांड्यातून दूध दिलं. दुधाला जळक्या लाकडाचा वास होता. मग तुपात तळलेली कॉफीची फळं आली, सालासकट. ती चावायची होती. दाकी माझ्याकडे बघून हसली आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणते, दोक्तरसुद्धा पहिल्यांदा असंच तोंड करायचा," गोदाना म्हणाला.

फळं संपली. जतानीने काठी आडवी ठेवली. "आता सांग."

मी सांगितलं. आजार, इस्पितळ, शेवट. गोदानाने ते सांगताना माझ्यापेक्षा कमी शब्द वापरले. दाकीने ओढणी तोंडाशी नेली. जतानी जमिनीकडे बघत राहिला. मग त्याने एकच विचारलं.

"शेवटचं पाणी कुणी दिलं?"

"मी."

"चांगलं झालं," तो म्हणाला. त्या संध्याकाळी मी गाईंचा विषय काढला नाही. काढायला हवा होता, असं गोदानाचा चेहरा सांगत होता.

---

दुसऱ्या दिवशी विहीर म्हणून मी जमिनीच्या वर काहीतरी शोधत होते, रहाट, कठडा. तसं काहीच नव्हतं. सपाट माळावर गुरांचे कळप आपापली जागा धरून बसले होते, आणि मध्येच जमीन उघडी झाली होती. एक रुंद उतार पृथ्वीच्या आत गेलेला, दोन्ही बाजूंना लाल भिंती उंच होत गेलेल्या. जसजसं खाली जावं तसतसा उजेड मागे राहत गेला आणि हवा गार होत गेली. तळाशी चिखल थापून केलेल्या, गुरांना पाणी पाजायच्या लांब डोणी होत्या. त्यांच्यामागे खडकात खरी विहीर, काळी, सरळ खाली जाणारी. तिच्यात आडवी लाकडं अडकवलेली. त्यांवर माणसं.

"कुणी खणली?"

"आमच्या लोकांनी."

"कधी?"

गोदाना हसला. "माझ्या आजाच्या आजालाही कुणीतरी हेच विचारलं असेल."

खडकाच्या भिंतीला हात लावला. खांद्याच्या उंचीवर ती गुळगुळीत होती, काचेसारखी. मला वाटलं, पाण्याने झाली असेल. पण पाणी तिथवर कधीच येत नव्हतं. ती गुरांनी झाली होती. पाणी प्यायला उतरताना अंग घासून घासून. किती गाई गेल्या असतील इथून, खडक असा होईपर्यंत? मी तो हिशोब मनात सुरू केला आणि सोडून दिला.

पाळ्या ठरवणारा माणूस डोणीशी उभा होता. त्याचं नाव लिबान. तो ठेंगणा आणि मोठ्या आवाजाचा होता. जतानी दिसताच त्याने काठी उगारली.

"आलास? आज वर बस. विहिरीत म्हातारी हाडं टाकू नये, पाणी कडू होतं."

"तुझा बाप माझ्याहून म्हातारा असताना उतरायचा."

"म्हणून तर तो आता सांगायला नाही." लिबान माझ्याकडे वळला. "ही कोण?"

"दोक्तरची मुलगी."

लिबानची काठी खाली आली. त्याने मला नीट बघितलं, पायांपासून चेहऱ्यापर्यंत, जसं बाजारात जनावर बघतात. मग काही न बोलता बाजूला झाला.

आधी जतानीच्या स्वतःच्या गुरांची पाळी होती. भाचे उतरले. आणि मग ते सुरू झालं.

तळातून एक आवाज आला, जाड, एकट्या माणसाचा. त्याला वरच्याने उत्तर दिलं, त्याला त्याच्या वरच्याने. आवाज पायरीपायरीने चढत आला आणि त्याच्याबरोबर पाणी. भरलेली बादली वर जात होती, रिकामी खाली येत होती, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गाण्याच्या ठेक्यावर हात आपोआप जिथे हवेत तिथे जात होते. डोण भरत आली तसा वरून उतारावर खुरांचा आवाज झाला. कुणी हाकललं नव्हतं. माळावर इतके कळप बसले होते, पण उठला तो एकच.

"त्यांना कसं कळतं?"

"आपलं गाणं ओळखतात," गोदाना म्हणाला. "दुसऱ्याच्या गाण्याला उठत नाहीत. तहानेने मेल्या तरी."

गाई माझ्या अंगावरून गेल्या. पांढऱ्या, राखी, उंच वशिंडाच्या. बरगड्या मोजता येतील अशा. डोणीपाशी पोचल्या आणि माना खाली घातल्या. मग त्या एवढ्या मोठ्या खळग्यात गाणं आणि पिण्याचा आवाज, दुसरं काहीही उरलं नाही. बाबा रोज सकाळी खिडकीकडे बघत विचारायचे तो पाऊस कुठला, हे मला इतक्या उशिरा कळत होतं.

कळप पिऊन वर गेला. भाचे बाहेर आले, घामाने आणि पाण्याने निथळत, आणि भिंतीला टेकून बसले. लिबानने जतानीकडे बघितलं. जतानीने खांद्यावरचं पांघरूण काढून दाकीच्या हातात दिलं. उघड्या छातीवर डावीकडे काळानिळा डाग होता.

"आता," गोदाना इंग्रजीत म्हणाला. "आत्ता बोला. तो खाली गेल्यावर काही उपयोग नाही."

मी पुढे झाले. "आबा," मी म्हटलं. बोराना बापाला आबा म्हणतात. तो शब्द उच्चारायला मला अवघड गेलं नाही. "आबा, थांबा. बाबा आता नाहीत. त्यांच्या गाईंसाठी तुम्ही जिवावर उदार होऊ नका. त्या—"

लिबानने विहिरीत तोंड घालून एक आरोळी दिली होती. आता कुणाची पाळी, ते सांगणारी. आणि तळातून गाणं आलं. नवं, आधीच्याहून संथ. एक शब्द लांबवलेला, वर येताना प्रत्येक पायरीवर थोडा बदलणारा.

मांजीऽरी. होऽ. मांजीऽरी.

मी वाक्य विसरले.

"काय म्हणतायत ते?"

"गाईंना बोलावतायत," गोदाना म्हणाला. "ज्याच्या गाई त्याचं नाव घेतात."

"पण नाव कुणाचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमचं. मंजिरी. का, तुमचं नाव दुसरं आहे?"

वरून खुरं वाजू लागली होती.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" गोदाना म्हणाला. "मला वाटलं ठाऊकच असणार. स्वतःच्या गाई कुणाला ठाऊक नसतात?"

जतानीने त्याला विचारलं, मी काय म्हणत होते. गोदानाने सांगितलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली.

"दोक्तरच्या गाई? दोक्तरची इथे एकही गाय नाही. मी कितीदा देऊ केली. सरकारी माणूस, घेत नव्हता. आधी औषध टोचायचा, मग हात मागे घ्यायचा." तो काठीवर रेलला. बोलताना मधेमधे थांबत होता, खोकल्यासाठी. "मग एक दिवस त्याला तार आली. आम्ही लस टोचायला गुरं उभी केली होती आणि हा कागद हातात धरून नाचायला लागला. सुई हातात तशीच. गुरं बुजली, लोक पळाले. मी म्हटलं, वेड लागलं. म्हणाला, मूल झालंय."

दाकी मागून काहीतरी बोलली.

"हो, तेही सांगतो. आमच्यात मुलगा झाला की नाळेची गाय देतात. मूल वाढतं, गाय वाढते. मोठा होईपर्यंत त्याचं स्वतःचं खिल्लार होतं. मी विचारलं, मुलगा का? म्हणाला, मुलगी. मुलीला देत नाहीत आम्ही. पण जो मुलगी झाली म्हणून गुरं उधळेपर्यंत नाचतो त्याला काय सांगणार? मी म्हटलं, ही कालवड तुझी नाही, तुला नाही म्हणता येणार नाही. ही तिच्या नाळेची."

गाई उतारावरून वळून दिसू लागल्या होत्या. पुढची लालसर, तिच्यामागे पांढऱ्या. त्यांच्या कानांवर उजेड पडला होता.

"त्यांनी मला कधीच सांगितलं नाही," मी म्हटलं.

"मीच म्हटलं होतं फोनवर, सांगून टाक. गोदानाने फोन लावून दिला होता ना, तेव्हा. म्हणाला, नको. मी तिला घेऊन येईन. विहिरीच्या काठावर उभी करीन, तुम्ही तिचं नाव घ्या, आणि मला तेव्हा तिचं तोंड बघायचंय." जतानीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. सावकाश, काही घाई न करता. "म्हणून मी बघतोय."

विहिरीतलं गाणं थांबलेलं नव्हतं. वरची पायरी रिकामी होती, म्हणून बादल्या मध्येच अडत होत्या. तळाचा माणूस तेवढ्यापुरता गप्प होई आणि पुन्हा माझं नाव घेई. मला तो दिसत नव्हता. त्यालाही मी दिसत नव्हते. त्याच्याआधी त्याच जागी उभ्या असलेल्या माणसांनीही हे नाव घेतलं होतं. मी शाळेत जात होते तेव्हा, नोकरीला लागले तेव्हा, बाबा इस्पितळात होते तेव्हा. मी लातूरला आणि पुण्याला माझं आयुष्य जगत होते आणि इथे, जमिनीच्या पोटात, मला न पाहिलेली माणसं पाळीपाळीला मला हाक मारत होती, आणि माझ्या नावाने तहानलेली जनावरं पाण्यावर येत होती.

जतानी वाकला आणि चपला काढू लागला.

"थांबा," मी म्हटलं. "ज्याच्या गाई त्याचं माणूस उतरतं ना? मग मी उतरते."

गोदानाने भाषांतर केलं नाही. "अहो, वेड्या आहात का? तिथे शेवाळ आहे."

"सांगा त्यांना."

त्याने सांगितलं. भिंतीशी बसलेले भाचे हसले. लिबान पुढे आला, माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि भाच्यांना दाखवला. ते आणखी हसले. "या हातांनी? हिने आजवर पुस्तकाहून जड काय उचललंय?"

"गाई तिच्या आहेत," जतानी म्हणाला.

लिबानचं हसू थांबलं. तो नियमाचा माणूस होता. "गाई हिच्या, तर पायरी हिची," तो म्हणाला. "वरची. पडली तर मी भरपाई देणार नाही."

मी साडीऐवजी सलवार घातली होती, ते बरं झालं. दाकीने ओढणी माझ्या कमरेला करकचून बांधली. लाकूड ओलं आणि गार होतं. एक पाय त्यावर, दुसरा खडकाच्या खाचेत. खाच माझ्या पायाला बरोबर बसली. ती कुणाच्यातरी पायानेच झाली होती. खाली बघू नका, गोदाना म्हणाला होता. मी बघितलं. काळोखात एकाखाली एक डोकी, खांदे, हात, आणि सगळ्यांच्या खाली एक चमक, हलणारी.

पहिली बादली आली ती माझ्या छातीवर आदळली. अर्धं पाणी अंगावर. खालून कुणीतरी ओरडलं, वर सगळे हसले. दुसरी मी धरली. तिसरीला कळलं की हातांनी धरायची नाही, गाण्याने धरायची. माझं नाव संपतं तिथे बादली येते. पुन्हा सुरू होतं तिथे ती डोणीत रिकामी झालेली असली पाहिजे. मग मी मोजणं सोडलं. खांदे जळत होते, तळहात सोलले होते, आणि पाणी खालून वर चालत येत होतं, या हातातून त्या हातात, जसं कुणी कुणाची ठेव पोचवत असावं. मी त्या ओळीतली एक होते. माझ्या खाली माणसं होती आणि माझ्या वर, डोणीला तोंड लावून, माझ्या गाई. मला त्यांचे घोट ऐकू येत होते.

मला बाहेर कुणी ओढलं ते आठवत नाही. डोणीशी बसले होते. लालसर गाईचं नाक माझ्या खांद्याजवळ होतं, त्यातून पाणी गळत होतं. जतानी तिथेच उभा होता. पूर्ण वेळ तो उभाच होता, असं दाकीने नंतर सांगितलं. बस म्हटलं तरी बसला नाही. बघत होता.

---

वर आल्यावर ऊन डोळ्यांत घुसलं. गाई माळावर जाऊन उभ्या होत्या.

"बोल आता," जतानी म्हणाला. "काल संध्याकाळपासून तुझ्या तोंडात एक शब्द आहे. मला दिसतोय."

गोदाना माझ्याकडे बघत नव्हता. परत जायची गाडी दुपारी होती. पुढच्या पाळीला मी इथे नसणार, आणि जतानी पांघरूण काढून दाकीच्या हातात देणार. त्याच्या छातीवरचा डाग मी जवळून बघितला होता. बाजारात गुरं भरायला उभा असणारा ट्रक सीमेपलीकडच्या कत्तलखान्यात जातो, तेही मला ठाऊक होतं. आजच मला या गाई मिळाल्या होत्या. त्या मागेपुढे सरकत होत्या, पोटं फुगलेली, शेपट्या हलवत.

"विका," मी म्हटलं. "तुम्ही पुन्हा उतरायचं नाही. हा माझा शब्द."

गोदानाने ते सांगितलं. त्याला हवं होतं तेच, तरी सांगताना त्याचा आवाज बसला. जतानी वाद घालेल असं मला वाटलं होतं. घालावा, असंही वाटलं होतं. त्याने फक्त मुंडासं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

"मालकिणीचा शब्द," तो म्हणाला. मग गाईंकडे वळून, "एक ठेव."

"एकीसाठीही उतरावं लागेल, आबा."

"सगळ्या गेल्या तर तुझं नाव कुणाला घ्यायचं इथे?"

मग गोदाना म्हणाला, "एकीचं पाणी मी ओढीन. पाळीच्या दिवशी शाळेत शिकवून झालं की येत जाईन."

जतानीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू? बूट ओले होतात म्हणून विहिरीकडे फिरकत नाहीस."

"बूट काढून ठेवीन."

"बघू," म्हातारा म्हणाला. पण त्याचा चेहरा सैल झाला होता.

गोदाना खरंच येत राहिला. पुढच्या वर्षी पाऊस झाला. जतानी त्यानंतर आणखी काही पावसाळे जगला आणि अंथरुणात गेला, विहिरीत नाही. त्या एकीच्या कालवडी आता तिथे आहेत, आणि पहिला पाऊस पडला की गोदाना फोन करतो. 'नगा?' म्हणतो. मी 'नगा' म्हणते. मग आम्ही बोलतो.

पण त्या दिवशी ते काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी एक निवडायची होती.

"कुठली?" मी विचारलं. "मला गाईतलं काही कळत नाही. तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार. हाक मार. येईल ती ठेव."

"कशी मारू?"

"तुमच्या घरी मारतात तशी."

आमच्या घरी हे नाव मोठ्याने एकटे बाबा घ्यायचे. आई मला मंजू म्हणायची. बाबा पूर्ण नाव घ्यायचे, शेवटचं अक्षर लांबवून, मी समोर असले तरी जणू मी शिवारापलीकडे आहे अशा आवाजात. बाबा गेल्यापासून ते तसं कुणी घेतलं नव्हतं. आणि स्वतःचं नाव स्वतःच कुणी मोठ्याने घेत नाही. मला लाज वाटली. चार माणसं बघत होती. मी तोंडाशी हात नेले.

"मंजिरीऽ!"

आवाज माळावर गेला आणि विरला. काही झालं नाही.

"अजून मोठ्याने," जतानी म्हणाला.

मी डोळे मिटले आणि बाबा मारायचे तशी हाक मारली. पोटातून, शेवटचं अक्षर जाईल तिथवर जाऊ देत.

डोळे उघडले तेव्हा माळावर त्यांच्या माना वर झाल्या होत्या. कान पुढे आले होते. लालसर गाईने पाऊल उचललं. तिच्यामागे पांढरीने, तिच्यामागे वासराने. मला एक हवी होती.

सगळ्या आल्या.